माळावरची जीवदया

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आता सुट्टीत केनियातील मसाई मारापर्यंत जाऊन गॅझेल हरणांचे कळप पाहून येतात. त्याच कुळातील चिंकारा बारामतीच्या माळावर पूर्वापार नांदत आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

बारामती तालुक्यात सुपे गावाजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचा विस्तार जेमतेम पाच चौरस किलोमीटर. घनदाट झाडी येथे नाही. मुरमाड जमीन, गवत, बोरी आणि बाभळी एवढेच वैभव. चिंकाऱ्याला तेवढे पुरते. पाला आणि दहिवर यांतूनच त्याची बरीचशी तहान भागते. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर चिंकाऱ्यांसोबत लांडगे, तरस आणि खोकडही आहेत. तेथे आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे.

चिंकारा पाहून मन प्रसन्न होते. लांडगा दिसताच तेच मन आक्रसते. हरीण हे शांतिनाथ भगवंतांचे लांछन, म्हणून ते आपले. आणि लांडगा हिंसक, म्हणून परका? भगवान महावीरांचा जीव एका पूर्वभवात सिंहाच्या देहात होता, ही कथा आपण बालपणापासून ऐकतो. समवसरणात सिंह आणि हरीण शेजारी बसतात, तेथे कोणालाही दार बंद नसते. मग आपल्या करुणेने निवड का करावी?

या जीवांना खरे भय आहे ते 'पडीक' या शब्दाचे. जमिनीच्या व्यवहारात आपण तो सहज उच्चारतो. पडीक म्हटले की नांगर, प्लॉट किंवा दाट वृक्षलागवड येते. झाडे लावणे पुण्याचेच. परंतु माळ झाडांनी भरला की मोकळ्या गवतावर जगणारा चिंकारा बेघर होतो. दयेपोटी माळाकडेला टाकलेले उरलेसुरले अन्नही भटकी कुत्री ओढून आणते. ती चिंकाऱ्यांवर धावून जातात, लांडग्यांत रोग पसरवतात. पुणे जिल्ह्यात त्यांचा लांडग्यांशी संकर झाल्याचेही आढळले आहे. येथे दान करण्यापेक्षा काहीच न करणे हीच पुष्कळदा मोठी जीवदया ठरते.

हिवाळ्यात गवत सोनेरी झालेले असते. तेव्हा अवश्य जावे. पहाटेची वेळ उत्तम. नवकारसीनंतरची दशमी-चटणी सोबत घ्यावी आणि उरलेला प्रत्येक कण परत आणावा. मुलांना ईर्यासमिती शिकवायला याहून चांगली शाळा नाही. कारण चंडोल आणि टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि मातीच्या रंगाची ती अंडी जपून पाऊल टाकणाऱ्यालाच दिसतात.