मऊ गांडूळ

टेक्सासमधील तळ्याकाठी चिरंजीवांनी आमच्यापुढे दोन आमिषे धरली: शिशाच्या डोक्याचा, झिरमिळ्या लावलेला जिग आणि मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ. असले गांडूळ ओहायोत निक क्रीम यांनी १९४९ साली घडविले. (खऱ्या गांडुळांवर वाढलेल्या आम्हांस हा थाट नवाच!) जिग झरकन तळ गाठतो, पण त्याचा कठीणपणा जाणवताच बास मासा तो थुंकून टाकतो. तेवढ्यात दोरीचा सूक्ष्म हिसका बोटांना कळावा लागतो. मधुमेहाने आमची बोटे बधिर झाली आहेत, हे आम्ही घरी कोणास सांगितले नव्हते. मऊ गांडूळ मासा क्षणभर अधिक तोंडात धरतो. आम्ही गांडूळच उचलले. ते गळात ओवताना दोनदा निसटले. चिरंजीवांनी काही न विचारता ते आमच्या हातून घेतले.