वामनदादांची नाममुद्रा आणि महाडचे पाणी

१/ महाडहून सावित्रीच्या काठाने वर गेले की पोलादपूर लागते. तेथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवचरित्र संस्कृत श्लोकांत बांधणाऱ्या या कवीचे ‘शिवभारत’ अपूर्ण राहिले. तरीही पोथी टिकली आणि पोथीसोबत कर्त्याचे नावही. मात्र ज्यांच्या घरी पोथी नव्हती आणि अक्षरओळखही नव्हती, त्यांची स्मृती कोणी सांभाळली? हा धागा त्याविषयी.

२/ महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेस जमलेले लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. ते वाचू शकणारे थोडे होते. वाचून दाखवलेले ऐकणारे फार.

३/ त्या दिवशी सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी एक मूल पाचव्या वर्षात होते : वामन तबाजी कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. पुढे तो आईसोबत मुंबईत आला आणि मिळेल ते अंगमेहनतीचे काम करू लागला.

४/ मुंबईत एकदा कोणीतरी पत्र आणून त्याच्या हाती दिले : एवढे वाचून दाखवा. तरुण वामनला एक अक्षरही लागेना. ही लाज त्याच्या जिव्हारी लागली. देहलवी नावाच्या शिक्षकांकडून तो बाराखडी शिकला आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचत जोडाक्षरांपर्यंत पोहोचला.

५/ ३ मे १९४३ रोजी त्याने पहिले गीत रचले. ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. पुढील साठ वर्षांत वामनदादांनी हजारो गीते लिहिली आणि गावोगावी स्वतः गायली. महाडचे पाणी ज्यांनी पाहिलेही नव्हते, त्यांच्या ओठांवर आंबेडकरी चळवळीचा इतिहास आला तो अशा गीतांमधून.

६/ परंतु गाण्याच्या लोकप्रियतेत एक धोका असतो. गीत ओठांवर राहते आणि कवी विसरला जातो. वामनदादांची गीते इतर गायकांनीही गायली. अशा वेळी अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. ही संतांची जुनी रीत. तुकोबांची आणि जनाबाईंची नाममुद्रा आपल्या परिचयाची आहे. मात्र ज्याला ऐन तारुण्यातही पत्र वाचता येत नव्हते, त्याने आपले नाव गीतात गुंफणे ही केवळ रीत राहत नाही. ती उशिरा शिकलेली सही असते.

७/ पुढे ती गीते ग्रंथरूपातही आली : ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६), ‘हे गीत वामनाचे’ (१९७७). ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे आत्मचरित्र. पत्रापुढे निरुत्तर झालेल्या माणसाने अखेर स्वतःचे आयुष्य लिहून ठेवले.

८/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक भान ठेवावे. वामनदादा महाडच्या सत्याग्रहाचे साक्षीदार नव्हते. त्या दिवशी तळ्यावर नेमके काय घडले, हे त्यांच्या गीतांवरून ठरवू नये. त्यासाठी वृत्तपत्रे आहेत, न्यायालयाची कागदपत्रे आहेत. मात्र त्या दिवसाचा अर्थ लोकांनी कसा जपला, हे कागदपत्रे सांगत नाहीत. ते गीते सांगतात. दोन्ही साधने लागतात आणि दोहोंना वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात.

९/ १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. आजही २० मार्चला महाडात माणसांची रीघ लागते, भीमगीते घुमतात. त्यातले एखादे गीत कानी पडले, तर शेवटच्या कडव्यापर्यंत थांबावे. बहुधा तेथेच कवीचे नाव असते.