आजी नसलेली झाडे

आमच्या मनीला झाडांची भारी हौस. कुंडीतल्या नव्या पानाचा वास घेतल्यावाचून तिचा दिवस सुरू होत नाही. 'मनी प्लांट'च्या वेलीवर तर नावामुळे आपलाच हक्क आहे, अशी तिची समजूत झाली असावी! तिच्या या नादाकडे आम्ही सारे कौतुकाने पाहत असू.

गेल्या महिन्यात मुलीच्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणीने पांढऱ्या लिलीचा गुच्छ आणला. संध्याकाळी पाहतो तो मनीच्या मिशांना आणि छातीला केशरी पूड लागलेली. "बाईसाहेब हळदीकुंकवाला जाऊन आल्या वाटते!" आई म्हणाली, आणि आम्ही पोटभर हसलो. मनीने मात्र कोपऱ्यात बसून, आपल्या जातीच्या टापटिपीस अनुसरून, अंग चाटून लख्ख केले.

रात्री तिला दोनदा ओकारी झाली. सकाळी ती खाटेखालून बाहेर येईना. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "घरात लिली आहे का?" मग जे कळले त्याने मी सुन्न झालो. लिलीचे पान, पाकळी, पराग, फार काय, फुलदाणीतले पाणीदेखील मांजराच्या मूत्रपिंडांचा घात करते. हे नेमके कोणत्या द्रव्याने होते, ते शास्त्रज्ञांना अद्याप उमगलेले नाही, आणि त्यावर उताराही नाही. शिरेतून सलाईन देत राहावयाचे, आणि तेही पहिल्या १८ तासांच्या आत सुरू झाले तरच खरी आशा. कित्येकदा ओकाऱ्या थांबतात, घरच्यांना हायसे वाटते, आणि त्याच वेळी आत नाश चाललेला असतो. ज्या स्वच्छतेचे आम्ही कौतुक केले, तीच मनीच्या जिवावर बेतली होती!

तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसताना मला माझ्या आजीचे परसू आठवत होते. तिथे कण्हेर होती, रुई होती, कुंपणाशी धोतरा होता. कण्हेरीतले विष हृदयाची गती बिघडवते, हे आजीने कुठे वाचले नव्हते. पण कण्हेरीची फुले खुडली की हात धुवावयाचे आणि गुरांना त्या बाजूस फिरकू द्यावयाचे नाही, हा तिचा दंडक होता. विषारी झाडे तिने उपटली नाहीत; त्यांच्याशी कसे वागावे, हे तिने आम्हाला शिकवले.

आता आमच्या गच्चीत सायकस आहे. त्याच्या बिया मांजराचे यकृत नासवतात. डिफेनबाकिया आहे आणि तो मनी प्लांटही. त्यांच्या पानांतले सुईसारखे स्फटिक तोंडाची आग करतात. ही झाडे दूरदेशाहून आली, पण त्यांची आजी त्यांच्याबरोबर आली नाही. रोपवाटिकेतला माळी पाणी किती आणि ऊन किती, एवढेच सांगतो. आणि मीही त्याहून अधिक कधी विचारले नाही.

चौथ्या दिवशी मनी घरी आली. अशक्त, पण पूर्वीच्याच तोऱ्यात. सायकस आणि डिफेनबाकिया आता एका मांजर नसलेल्या स्नेह्याकडे नांदत आहेत. मनी प्लांट छताशी टांगला आहे. गुलाब आणि मोगरा मात्र बिनघोर जागच्या जागी आहेत.

आणि कोणी पाहुणा फुले घेऊन आला, की माझी आई दारातच थांबवून त्याला विचारते, "फुले छान आहेत हो; पण यांचे नाव काय?" पाहुणे थोडे चकित होतात. मला मात्र समाधान वाटते. आमच्या घरातल्या नव्या झाडांना अखेर आजी मिळाली आहे.