सोपी चढण

आमच्या वर्धा जिल्ह्याला कोणी डोंगराळ म्हणत नाही आणि त्याबद्दल आमची काही तक्रारही नाही. इथला माणूस मान वर करतो तो शिखर पाहण्यासाठी नव्हे, पावसाचे ढग पाहण्यासाठी. उत्तरेला आर्वी-कारंज्याच्या अंगाने टेकड्या दोन हजार फुटांच्या आसपास जातात. बाकी सगळीकडे जमीन जरा कुठे उचलली की लगेच खाली बसते. खडू हातात घेऊन वीस-बावीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेल्या माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तराला एवढी उंची पुरेशी आहे. (मी मॅट्रिक. कादंबऱ्या लिहितो हे खरे. पण त्या बसून लिहाव्या लागतात, त्यामुळे पायांना त्यांचा उपयोग नाही.)

चढणीची माझी कल्पना सोपी आहे. अर्ध्या-पाऊण तासात वर पोहोचावे; वर एखादे देऊळ, दर्गा किंवा मठ असावा; खाली पाणी दिसावे; आणि फडके सोडून बसायला एक झाड असावे. ही कल्पना मुळात माझी नाही, दादाची. श्रावणातल्या एखाद्या रविवारी तो सगळ्या घरादाराला घेऊन निघे. त्याचा नियम एकच होता, "आईला चढता येईल तोच आपला डोंगर." या नियमामुळे आम्ही फारसे डोंगर चढलो नाही, पण जे चढलो ते सगळे मिळून चढलो.

दादाची मुलगी चार वर्षांपूर्वी वैद्यकी शिकायला आर्मेनियात, येरेव्हान शहरी गेली. आपल्याकडची बरीच मुले अलीकडे तिकडे जातात. इथल्या खाजगी महाविद्यालयाची फी ऐकून दादा दोन दिवस जेवला नव्हता. तिकडची ऐकून त्याने तीन एकर वावर विकले. "वावर काय, पुन्हा घेता येईल," असे तो म्हणाला. घेता येणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

गेल्यावर पहिल्याच वर्षी पोरीने सेवान सरोवराचे फोटो पाठवले. उघडीबोडकी, गवताळ टेकडी; तिच्यावर काळसर दगडाची दोन लहान मंदिरे, त्यांचे टोकदार घुमट; आणि तिन्ही बाजूंनी निळेभोर पाणी. हा मठ ८७४ साली तिथल्या राजाच्या मरियम नावाच्या मुलीने उभारला. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटरांवर आहे. मी लगेच पाठीमागच्या पानावर हिशेब केला. म्हणजे सव्वासहा हजार फूट! आमच्या जिल्ह्यातली सर्वांत उंच टेकडी उचलून तीनदा एकावर एक ठेवावी, तेव्हा कुठे त्या पाण्याला हात लागेल. पण त्या पाण्यापासून मठापर्यंतची चढण मात्र थोड्याशा पायऱ्यांची. पूर्वी ते बेट होते आणि मठवासी नावेने ये-जा करीत. मागच्या शतकात सोव्हिएत सरकारने वीज आणि ओलितासाठी सरोवराचे पाणी भराभर काढले. पातळी वीसेक मीटर उतरली, बेटाला जमीन येऊन चिकटली आणि मठात पायी जाता येऊ लागले. फोटोखाली तिने लिहिले होते, "काका, ही बाबांची टेकडी आहे. आजीसुद्धा चढली असती."

पुढे ती दर सुटीला असल्या जागा शोधू लागली. त्याच सरोवराच्या काठावरचा हायरावांक मठ. नोरातुसची दफनभूमी, जिथे नक्षीचे क्रूस कोरलेल्या शेकडो उभ्या शिळा गवतात दाटीने उभ्या आहेत. मी त्या शिळांची रेखाटने करून वर्गात लावली. दादा शाळेत येऊन ती पाहून गेला. त्याला नक्षीतले काही कळत नसे. पण ती किती चढली आणि दम लागला का, हे तो दर वेळी विचारी.

मागच्या जानेवारीत, रात्री अडीचला, दादा गेला. हृदयविकार. सकाळी मी तिला फोन केला. तिची परीक्षा दुसऱ्या दिवसापासून होती. विमानाचे भाडे, मधले बदल, मुंबईहून वर्धा हे सगळे धरून तिला यायला दोन दिवस लागले असते. घरात निर्णय घेणारा मीच उरलो होतो. मी म्हणालो, "बेटा, तू येऊ नकोस. पेपर दे. दादाला तेच आवडले असते." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग "बरं, काका," म्हणाली. दुपारी अग्नी मी दिला. पुढचे सहा महिने तिचे फोन वहिनींना येत; माझी चौकशी ती त्यांच्याकडे करी. फोटो यायचे थांबले.

जुलैत ती सुटीवर आली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पोरीला कुठं तरी घेऊन जा. घरात बसून नुसती भिंतीकडे पाहते." मला दुसरे काय सुचणार? मी टेकड्या काढल्या.

पहिल्या रविवारी गिरडला गेलो. समुद्रपूर तालुक्यातले हे गाव. तिथल्या टेकडीवर शेख फरीदांचा दर्गा आहे, आणि त्याला हिंदू-मुसलमान दोघेही सारख्याच भक्तीने येतात. एस.टी.तून उतरलो तेव्हा झिमझिम होती. सोयाबीन गुडघ्याशी आली होती, पऱ्हाटीच्या ओळी नुकत्याच डवरलेल्या, आणि टेकडी धुऊन काढल्यासारखी हिरवी. या टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे, कुठे त्याहून मोठे गोल गोल दगड सापडतात. गोष्ट अशी सांगतात की, दोन बंजारे व्यापारी माल लादून खालून चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्याने त्यांच्या गोण्यांतला सगळा माल दगड करून टाकला. जुन्या इंग्रजी गॅझेटियरातसुद्धा ही कथा नोंदलेली आहे. भूगर्भशास्त्राचे म्हणणे निराळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे पाणी झिरपून त्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजे साचली. भोवतालचा काळा दगड झिजला आणि आतल्या गोळ्या मोकळ्या झाल्या. मला दोन्ही गोष्टी आवडतात. थट्टा न करण्याचा उपदेश मुलांना पहिलीतून चांगला करता येतो.

हे सगळे मी चढता चढता सांगत होतो. मास्तराला मुकाट्याने चढता येत नाही. तिने एक गोटी उचलून ओल्या ओढणीला पुसली आणि म्हणाली, "सेवानचा दगडही असाच आहे, ज्वालामुखीचा. फक्त तिथे त्याचे मठ बांधलेत." सहा महिन्यांतले तिचे हे पहिले लांब वाक्य. मी उत्साहाने पुढची पावले भराभर टाकली आणि दहाव्याच पावलाला मला थांबावे लागले. छातीवर कोणी पाटा ठेवावा तसे झाले. शेजारून उतरणारी एक म्हातारी म्हणाली, "हळू चढा ना, बाप्पा. पिराच्या दारी घाई कायले करता?"

पोरीने मला एका दगडावर बसवले, मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहत राहिली. तिची बोटे दादासारखी लांब आहेत हे मला तोवर कधी दिसले नव्हते.

"असं किती दिवसांपासून होतंय, काका?"

"दादा गेल्यापासून."

"आणि कोणाला सांगितलं नाही?"

मी उत्तर दिले नाही. ती पुन्हा आकडे मोजू लागली. आम्ही वर पोहोचायला एक तास घेतला. नऊ-दहा वर्षांची पोरे आमच्यापुढून दोनदा वर जाऊन आली.

दुसऱ्या रविवारी बोरधरणाला गेलो, त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. टेकड्यांच्या कुशीतले ते पाणी जिल्ह्यात सर्वांत देखणे. पण भोवतालचे जंगल २०१४पासून व्याघ्रप्रकल्प झाले आहे, आणि जंगलात पायी हिंडायला मज्जाव आहे. तो योग्यच आहे. वाघाला आमच्या सोप्या चढणीचे कौतुक असण्याचे कारण नाही. दुरून पाणी पाहिले, डबा खाल्ला, परतलो. वाटेत तिने मला सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासून घ्यायला लावण्याचे वचन वहिनींच्या वतीने घेतले.

तिसऱ्या रविवारी मी केळझरचे नाव काढले. ती म्हणाली, "पवनारला जाऊ."

पवनार वर्ध्याहून आठ-दहा किलोमीटर, नागपूरच्या रस्त्यावर. त्याला टेकडी म्हणणे म्हणजे टेकडीचा अपमान; धाम नदीच्या काठचा तो नुसता उंचवटा. पण मठ म्हणावा असा मठ आमच्या जिल्ह्यात हाच. प्रकृती ढासळल्यावर विनोबा १९३८ साली इथे येऊन राहिले. १९५९ साली त्यांनी इथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापले. तिथल्या भगिनी शेती करतात, सफाई करतात, छापतात, आणि निर्णय सगळ्यांच्या एकमताने घेतात. एकमत होईपर्यंत थांबतात. १९८२ साली अन्नपाणी सोडून विनोबांनी याच ठिकाणी देह ठेवला, तो दिवस नेमका दिवाळीचा होता. आणि या साऱ्याच्या खाली आणखी एक जुने गाव आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे डॉ. वा. वि. मिराशींचे मत होते. आश्रमाची जमीन खणताना त्या काळची शिल्पे निघत गेली. ती तिथेच जपून ठेवली आहेत. आर्मेनियाच्या त्या मठाहून ती चारेकशे वर्षांनी जुनी.

त्यांतले एक भरत-भेटीचे. राम आणि भरत उराउरी भेटताहेत. दगड झिजला आहे, पण मिठीची घट्टाई झिजलेली नाही. त्या शिल्पापुढे उभा राहिलो आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मी सांगू लागलो. भरत त्या वेळी आजोळी होता, फार दूर. इकडे दशरथ गेला. दूत पाठवले, पण काय झाले ते वाटेत सांगू नका अशी त्यांना ताकीद होती. भरत येईपर्यंत राजाचा देह तेलाच्या कढईत ठेवला होता...

इथे माझ्या लक्षात आले की मी कोणाला काय सांगतो आहे. पण वाक्य तोंडातून निघून गेले होते.

ती शिल्पाकडेच पाहत होती. हळूच म्हणाली, "म्हणजे तो येईपर्यंत थांबले होते."

मग ती वळून घाटाकडे उतरू लागली. मी मागोमाग गेलो. पावसाने धाम भरून चालली होती. काळ्या खडकांवरून गढूळ पाणी फेसाळत होते. गांधीजींच्या अस्थी १९४८ साली याच पाण्यात सोडल्या, त्याची छत्री पात्रात उभी आहे. दादाच्याही मी इथेच सोडल्या होत्या. ती जागा मी दाखवली. ती पायऱ्यांवर बसली, चपला काढून बाजूला ठेवल्या.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "पेपर झाल्यावर मी सेवानला गेले होते. एकटीच. पायऱ्यांवर बर्फ होता, रेलिंग धरून चढले. ते लोक बारीक मेणबत्त्या वाळूत खोचतात. बाबांच्या नावानं एक लावली. कोणी तरी दार उघडलं, वारा आला, विझली. परत लावली. तुम्हाला फोटो पाठवणार होते." थोडे थांबून म्हणाली, "त्या दिवशी ती चढण सोपी नव्हती, काका."

मी म्हणालो, "बेटा, मी तुला येऊ द्यायला हवे होते. दोन दिवस थांबायला हवे होते. भाड्याचे पैसे मी मनात मोजले, ते आज तुला सांगतो."

"हो," ती म्हणाली.

एवढेच. "असू द्या" म्हणाली नाही, "तुमचं काय चुकलं" असेही म्हणाली नाही. आणि मला त्याचे बरे वाटले. नदीत पाय सोडून आम्ही बसलो. पलीकडे आश्रमात कसली तरी घंटा झाली. मग तिने सवयीने माझे मनगट ओढून घेतले आणि घड्याळाकडे पाहू लागली.

ती सप्टेंबरच्या आधी परत गेली. जाताना गिरडची ती गोटी दप्तरात होती, हे वहिनींनी नंतर सांगितले. मी सेवाग्रामला तपासून आलो. औषधे सुरू आहेत. चढायला हरकत नाही, मात्र सावकाश, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. त्या कागदाचा फोटो मी येरेव्हानला पाठवला, तेव्हा उत्तर आले, "सावकाश या शब्दाखाली दोन रेघा मारा."

दिवाळीच्या सुटीत केळझरचा बेत आहे. टेकडी लहान आहे, वर गणपती आहे. पांडव राहिले आणि भीमाने बकासुर मारला ती एकचक्रा नगरी हीच, असे गावकरी सांगतात. वहिनी या वेळी येणार आहेत. दादा गेल्यापासून त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. चढण्याआधी आणि चढल्यावर, दोघांच्याही नाडीचे ठोके कळवायचे असा येरेव्हानहून हुकूम आहे. दशम्या आणि लसणाची चटणी करायचे वहिनींनी कबूल केले आहे.