काचेच्या काउंटरातील भिवापूर

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे घराण्याच्या भोजनगृहात एक लांबलचक मेज आहे आणि त्या मेजावर चांदीची आगगाडी धावावी म्हणून रूळ बसविलेले आहेत. जेवणानंतर पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेण्याचे काम ही गाडी करीत असे. कोणी तिच्यावरील पात्र उचलले की गाडी थांबे, परत ठेवले की पुढे चालू लागे. तिने जे वाहिले ते आपल्या घरांत रुचणारे नाही. परंतु घरच्या लाकडी सामानावर आगगाडी वसविण्याची हौस मराठी माणसाला नवी नाही, एवढे त्यावरून कळते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी 1998 साली छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले, तेही वाचकांपैकी अनेकांनी मुलांना घेऊन पाहिले असेल. आमची गाडी या दोहोंच्या पासंगालाही पुरणार नाही. ती धावते आमच्या इतवारीतील जुन्या कापड दुकानाच्या काउंटरात.

हा काउंटर सागवानी आहे. लांबी पाच फूट, रुंदी दोन फूट, वर आणि पुढे जाड काच, दुकानदाराच्या बाजूस दोन सरकते पल्ले आणि त्यांच्याखाली तीन खण. आजोबांनी तो करवून घेतला तेव्हा काचेखाली टोप्या, उपरणी आणि लुगड्यांच्या काठांचे नमुने मांडलेले असत. दिवाळीला वहीपूजन याच काचेवर होई. हळदीकुंकवाचा एक फिकट डाग काचेच्या चौकटीवर अजून आहे. दुकान नव्या जागेत गेले, तेथे पांढऱ्या दिव्यांचे आणि आरशांचे सामान आले, आणि हा काउंटर घराच्या मागच्या खोलीत येऊन पडला. मोठ्या भावाचे म्हणणे व्यवहाराचे होते: सागवानाला आज चांगला भाव आहे, जुने फर्निचर घेणारा दारात उभा आहे, जागा अडवून काय साधते? त्या चर्चेत बाबा एक शब्द बोलले नाहीत. नव्या दुकानात गेल्यापासून ते तसेही फारसे बोलत नसत. तेथे त्यांच्यासाठी खुर्ची होती, काम नव्हते. ज्या माणसाने साठ वर्षे ग्राहकाच्या हाताची बोटे पाहून कापडाचा पन्ना सांगितला, तो दिवसभर काचेच्या दाराकडे पाहत बसे.

बाबांच्या तारुण्याचा मोठा भाग नागपूर–नागभीड या छोट्या गाडीत गेला होता. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी या मुलखात अडीच फुटी रुळांचे जाळे विणले. त्यातील हा शंभरएक किलोमीटरचा फाटा इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर करीत नागभीडला जाई. बाबा कापडाची गाठोडी घेऊन बाजाराच्या गावी उतरत आणि उधारीची वही घेऊन परतत. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम असल्यामुळे परतीचा डबा गाडीतच उघडावा लागे. गाडी ज्या दिवशी जितकी रेंगाळेल त्याप्रमाणे जेवणाचे स्थानक बदले. 2019 च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी ही गाडी बंद झाली आणि रूळ उखडले गेले. ती बातमी बाबांनी वर्तमानपत्रात दोनदा वाचली व घडी घालून उशाखाली ठेवली.

काउंटर विकू नये म्हणून त्याला काहीतरी काम द्यावे, असे माझ्या मनात आले, आणि काम सुचले ते हेच.

आता थोडे मापांविषयी, कारण व्यापाऱ्याच्या घरात मापाशिवाय गोष्ट पुरी होत नाही. छोट्या रेल्वेच्या जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण 87 ला 1 हे आहे. खऱ्या छोट्या गाडीच्या रुळांमधील अंतर 762 मिलिमीटर; त्याला 87 ने भागले तर पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात तयार मिळणारा 9 मिलिमीटरचा रूळ त्याला जवळजवळ तंतोतंत लागू पडतो. याउलट आपल्या मोठ्या गाडीचा 1676 मिलिमीटरचा रूळ त्याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटरचा व्हावा, तर तयार रूळ मिळतो साडेसोळाचा. युरोपातील रुंदी आपल्याहून कमी, म्हणून. म्हणजे भारतातील मोठ्या गाडीपेक्षा छोटी गाडी करणे अधिक प्रामाणिक ठरते. दुसरा हिशेब मात्र निराश करणारा होता. पाच फुटांचा काउंटर या प्रमाणात खऱ्या जमिनीचा जेमतेम 133 मीटरचा तुकडा होतो. शंभर किलोमीटरांतून 133 मीटर निवडायचे.

ते बाबांनी निवडले. मी इतवारी, उमरेड आणि नागभीड अशी तीन स्थानके कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल मागितली आणि दोन नावे खोडून तेथे एकच लिहिले: भिवापूर. “उमरेड मोठं गाव. तिथं कोणीही विकेल,” ते म्हणाले. कित्येक महिन्यांनी ऐकलेले हे त्यांचे पहिले लांब वाक्य असावे. म्हणून डाव्या हाताला इतवारी आहे आणि उजव्या हाताला भिवापूर. मधला सारा प्रवास मागच्या बाजूस, शेते रंगविलेल्या पातळ फळीच्या आड होतो. गाडी तिकडे शिरली की दिसेनाशी होते आणि आपण वाट पाहतो.

सारी मांडणी एका प्लायवुडच्या फळीवर केली आहे. ही फळी मागचे पल्ले काढून खणासारखी बाहेर ओढता येते, त्यामुळे काच न उचलता दुरुस्ती होते. वळणाची त्रिज्या नऊ इंच ठेवली, म्हणजे रुंदीत दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते. विजेचा पुरवठा 12 व्होल्टचा. त्याचे यंत्र मधल्या खणात, जेथे पूर्वी कात्री आणि गज असे. वेग कमीजास्त करण्याची खुंटी बाबांच्या हाताला येईल अशी बसविली. रुळांच्या जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडली आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, काचेखाली त्याहून अधिक, आणि धातूला फुगायला जागा नसली तर रूळ वाकतो. खऱ्या रेल्वेचे जुने जोड याच कारणासाठी सैल असत आणि गाडीचा तो ठेका त्यातूनच येई.

सुताराने फळी जोडण्यासाठी सरस सुचविला. तो जनावरांच्या हाडाकातड्यांचा, म्हणून आमच्याकडे चालणारा नव्हता. फेव्हिकॉलने काम भागले. कणकेची खळही वर्ज्य केली, कारण तिच्या वासाने मुंग्या-झुरळे येतात, आणि आलेल्या जिवांचे पुढे काय करायचे हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. झाडे केली वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची, हिरव्या रंगात बुडवून. खडी म्हणून बांधकामाची वाळू तीन चाळण्यांतून काढली. डबे पुठ्ठ्याचे आहेत. मोतीबागेत कडबी चौकाजवळ 2002 पासून छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे उभ्या असलेल्या डब्यांवरून मी आणि पुतण्याने खिडक्यांची ठेवण उतरवून घेतली. बाबाही आले होते. ते एका डब्याच्या पायरीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. आत मात्र चढले नाहीत.

इंजिन तेवढे परके आहे. ऑस्ट्रियात 760 मिलिमीटरच्या गाड्या आहेत आणि त्यांची छोटी वाफेची इंजिने तयार मिळतात; असे एक नातेवाइकाकडून मागविले. बाबांनी ते तळहातावर घेऊन न्याहाळले. “धुराडं आपलं नाही,” हा निकाल. मी धुराडे बदलले. मग फलाट चुकीचा ठरला: “इतका उंच नव्हता रे. जमिनीलगत. गाठोडं आधी वर फेकायचं, मग आपण चढायचं.” फलाट पुन्हा केला. पुतण्या बारावीचा अभ्यास सोडून रात्री आमच्यात येऊन बसू लागला तेव्हा वहिनींनी त्याला दोन वेळा ओढून नेले, तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच विचारले, “बाबा, बाजाराच्या दिवशी बायका कुठं बसायच्या?” त्या प्रश्नाचे उत्तर तासभर चालले.

या प्रमाणात माणूस दोन सेंटिमीटरांचा होतो. तांब्याच्या तारेवर माती लावून पुतण्याने दहा-बारा माणसे केली आणि त्यांतील गाठोडेवाल्याला आजोबांचा काळा कोट रंगविला. बाबांनी तो काढायला लावला. आपल्या जागी त्यांना भिवापूरच्या फलाटावरचा एक हमाल हवा होता. एका पावसाळी रात्री गाडी चुकली, स्थानकाचे छप्पर गळत होते, आणि त्या हमालाने स्वतःची घोंगडी गाठोड्यांवर टाकून रात्र उघड्याने काढली. सकाळी कापडाला एक थेंब लागलेला नव्हता. बाबांनी त्याला ठरलेले आठ आणे दिले. पुढच्या खेपेस जास्त द्यायचे असे मनात ठेवून ते गेले. पण तो पुन्हा त्यांना दिसला नाही. ही हकिगत आम्ही दोघे भाऊ प्रथमच ऐकत होतो. भाऊ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून जाड काळ्या लोकरी कापडाचा चिंधीएवढा तुकडा आणून पुतण्याच्या हाती दिला. तीच आता काउंटरातील घोंगडी आहे.

संध्याकाळचे जेवण आटोपले की बाबा मधल्या खणापाशी स्टूल ओढून बसतात आणि गाडी सोडतात. ती ते फार हळू चालवितात. पुतण्याला कंटाळा येईल इतकी हळू. भाऊ आता काउंटरच्या किमतीविषयी बोलत नाही, पण खोलीत नवा पंखा लावून देण्याविषयी बोलला आहे.

काम अजून पुरे नाही. भिवापूरची मिरची प्रसिद्ध. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि स्थानकाबाहेरच्या मोकळ्या जागेत तिचे वाळवण दाखविल्याशिवाय बाबांना ते गाव भिवापूर वाटत नाही. खरी मिरची घालता येत नाही, म्हणून लाकडाचा भुसा रंगवीत आहोत. पहिला रंग त्यांना कुंकवासारखा वाटला, दुसरा विटेसारखा. सध्या तीन वाट्यांत तीन छटा कालवून गच्चीवर ठेवल्या आहेत; उन्हात वाळल्यावर त्यांतली एक ते निवडणार आहेत.