डोंगराचे पुरुमेंत

मे महिना सरत आला की गोव्यातल्या घराघरांत पुरुमेंताची लगबग सुरू होते. सुकी मासळी, सोलां, मिरच्या, कांद्याच्या माळा, चुलीसाठी सुकी लाकडे... पावसाळ्याच्या चार महिन्यांची ही बेगमी. शब्द पोर्तुगीजांकडून आला, सवय मात्र त्याहून जुनी असावी. आमच्या सत्तरीतल्या वाड्यावर याच दिवसांत आणखी एक पुरुमेंत होत असे. ते स्वयंपाकघरातले नव्हते, म्हणून कदाचित त्यावर कुणी लिहिले नसेल.

मृग लागण्याआधी एक दिवस ठरे. घराघरांतून एकेक माणूस कुदळ, कोयता घेऊन वाड्यामागचा डोंगर चढे. व्हाळात आडवी पडलेली झाडे तोडून काढायची, पाटांत साचलेला पाला-माती उपसायची, पाण्याने वाट बदलली असेल तर ती पुन्हा व्हाळाकडे वळवायची. आम्हा पोरांकडे पेजेचे तांबे वर नेण्याचे काम. कुणी कुणाला मजुरी देत नसे आणि न येणाऱ्याला दंडही नसे. चारचौघांत त्याची थट्टा होई, तेवढे पुरत असे. आता व्हाळ पंचायतीचा, रस्त्याकडेचे गटार ठेकेदाराचे, डोंगर वनखात्याचा किंवा कुणा अनोळखी मालकाचा. मग पाण्याची वाट नेमकी कुणाची?

हा प्रश्न २०२१च्या जुलैपासून माझ्या डोक्यात आहे. २२ तारखेला रायगड जिल्ह्यातल्या तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी इकडे दूधसागर आणि सोनावळीच्या मधे दरडीमुळे मुंबईकडे जाणारी गाडी रुळांवरून घसरली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्याच पावसात म्हादई अभयारण्यातल्या डोंगरांनाही दरडींचे तांबडे ओरखडे पडले. अभयारण्यात, म्हणजे जिथे ना खाण, ना बंगला! तेव्हापासून 'झाडे लावा, दरडी थांबतील' असे कुणी भाषणात म्हटले की मी गप्प बसत नाही. झाडांच्या मुळांनी वरची हात-दोन हात माती बांधली जाते, ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती हवीच. पण घसरण त्याहून खोल असेल तर झाडे उभीच्या उभी मातीसकट खाली येतात.

आपल्याकडचा डोंगर म्हणजे अर्धी कच्ची उतरवलेली भाकरी. वर जांभ्याचा टणक पापुद्रा, त्याखाली दगड कुजून झालेली मऊ, चिकट माती आणि तळाशी अखंड खडक. जांभा भोकाभोकांचा, पाणी सहज आत घेतो. ते मऊ मातीत जाऊन साठते. माती जड होते, आणि कणाकणांमध्ये पाण्याचा दाब वाढला की त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. सुरुवातीच्या सरी डोंगर पिऊन टाकतो. दरड बहुधा पडते ती कित्येक दिवसांच्या संततधारेने पोट भरल्यावर, वर एखाद्या रात्री आभाळ फाटल्यावर. म्हणूनच या बातम्या जुलैच्या उत्तरार्धात येतात. माळीण ३० जुलै २०१४, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३, वायनाड ३० जुलै २०२४.

अशा डोंगराचा पायथा यंत्राने उभा कापला तर तो कशावर टेकणार? गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात कलम १७-अ आहे. दहाला एक किंवा त्याहून तीव्र उताराची जमीन परवानगीविना कापता येत नाही. कायदा चांगला आहे. पण सुट्टीच्या दिवशी यंत्र किती वेगाने चालते, हे ज्यांच्या शेजारी ते चालले त्यांना विचारा!

आणखी एक बाब जरा वादाची आहे. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे ब्रीद आपल्या अंगवळणी पडले आहे. सौम्य उतारावर ते सोन्यासारखे आहे. मात्र घरांच्या डोक्यावर तीव्र उतार असेल तर तिथे चर खणून पाणी जिरवणे म्हणजे डोंगराच्या पोटात आणखी पाणी ओतणे. तिथे पाणी न जिरवता बाजूने व्हाळात काढून द्यावे लागते. वाड्यावरची ती माणसे नेमके हेच करीत होती. जुन्या गडग्यांचेही तसेच. नुसते चिरे रचलेला गडगा फटीफटींतून पाणी सोडतो. आजची काँक्रीटची भिंत दिसायला भक्कम, पण तिला पाणी बाहेर पडायला भोके ठेवली नाहीत तर मागे साठलेले पाणीच तिला ढकलून देते. भिंतीमागच्या उतारावर वाळा लावला तर त्याची मुळे सरळ दोन-तीन मीटर खाली जातात. देवपूजेला लागतो आणि डोंगरालाही.

कोकण रेल्वेने हा धडा फार महागात घेतला. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीचे दगड-माती रुळांवर आली आणि कारवारहून मुंबईला निघालेल्या गाडीतले पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. आज त्या मार्गावर कापलेल्या उतारांना जाळ्या आहेत, पावसात गस्त असते आणि गाड्यांचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. आपण त्या संथ गाड्यांना नावे ठेवतो. मला मात्र तो कारभारातला दुर्मिळ शहाणपणा वाटतो. डोंगराला जेवढा वेळ हवा तेवढा दिला आहे.

असो. आमच्या वाड्याची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी श्रावणाच्या आधी वरच्या सड्याच्या कडेला एक भेग दिसली. बोट जाईल एवढी रुंद, वीस-पंचवीस पावले लांब. खाली आमच्या काकूचे घर. काही वर्षांपूर्वी त्याच उताराचा पायथा कुणीतरी रस्त्यासाठी कापला होता. एका कार्यालयात अर्ज दिला. तिथे सांगण्यात आले की आमचा वाडा धोक्याच्या यादीत नाही. इर्शाळवाडीही अशा यादीत नव्हती. मग अर्जाची वाट न पाहता आठ-दहाजण वर गेलो. भेगेत चिकणमाती ठासून भरली, तिच्या वरच्या अंगाने पाणी व्हाळाकडे वळवले, दोन्ही बाजूंना खुंट्या मारून त्यांतले अंतर मोजून ठेवले. एका जाणकार अभियंत्याला आणून दाखवले तेव्हा तो म्हणाला, उपाय ठीक, पण भेग बुजली म्हणजे डोंगर बरा झाला असे समजू नका.

म्हणून पाऊस मोजायला लागलो. सरळ भिंतींचा डबा झाडा-छपरापासून दूर मोकळ्यावर ठेवायचा, रोज सकाळी आठला पट्टीने पाणी मोजायचे आणि डबा रिकामा करायचा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस! वायनाडमध्ये ह्यूम सेंटर ही संस्था सुमारे दोनशे ठिकाणी लोकांच्या मदतीने असाच पाऊस मोजते. २०२४च्या त्या दरडीआधी दोन दिवसांत तिथे ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता, आणि त्यांनी आदल्या दिवशी प्रशासनाला सावध केले होते. आकडा होता, इशारा होता. पण सगळी वस्ती वेळेत हलली नाही.

आमच्या वाड्याने ठरवले आहे : सलग तीन दिवस जोराचा पाऊस आणि चौथ्या दिवशी डब्यात १५० मिलिमीटर, की उताराखालच्या चार घरांनी रात्र देवळाच्या अग्रशाळेत काढायची. हा आकडा आमच्यापुरता, अंदाजाने आणि भीतीने ठरवलेला. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, भर पावसात व्हाळ आटला, दारे चौकटीत अडकू लागली, खुंट्यांमधले अंतर वाढले, तर डबा पाहायचाच नाही, उठून चालू लागायचे.

तीन घरे तयार झाली. काकू मात्र अडून बसली. "म्हजी गाय खंय व्हरूं?" हा तिचा एकच प्रश्न. आम्ही यादीत माणसे मोजली होती, गुरे नव्हती. शेवटी अग्रशाळेच्या मागे पत्रे टाकून आडोसा केला, दावे बांधायला खांब रोवला. काकूने स्वतः येऊन तो खांब हलवून पाहिला. गेल्या जुलैत दोन रात्री डबा १५०च्या पुढे गेला. दोन्ही वेळा गाय आधी पोचली, तिच्यामागून काकू, हातात कंदील आणि काखेत पुरुमेंतातल्या मिरच्यांचे गाठोडे.