साखरेचे दागिने

हाताला चाळा लागतो तो बहुधा लहानपणीच. मला तो क्रोशाच्या सुईने लावला. मग साखळीटाका, लोकरीची टोपरी, मण्यांची तोरणं, शेजारपाजारच्या मुलींची रुखवतं, असं एकातून एक निघत गेलं. दागिन्यांपर्यंत पोचले ती वाट मात्र सोन्यामोत्यांची नव्हती, साखरेची होती.

नव्या सुनेची पहिली संक्रांत किंवा बाळाचं बोरन्हाण म्हटलं की हलव्याचे दागिने हवेतच. काळ्या चंद्रकळेवर ते काय उठून दिसतात! पण खरी कसोटी दाण्याची. परातीत खसखस, तीळ नाहीतर साबुदाणा घेऊन ती मंद आचेवर ठेवायची, चमच्याने थोडाथोडा पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. तो वाळला की पुढचा चमचा. घाई केली की गोळे होतात, आच वाढली की साखर पिवळी पडते. हवा थंड आणि कोरडी असली तरच काटा नीट येतो. ढगाळ दिवशी परात सरळ झाकून ठेवावी. असं दिवसचे दिवस चालतं. बोटं भाजतात ती वेगळीच.

काटेरी दाण्याला भोक पाडता येत नाही. म्हणून दोऱ्याचा फास करून त्यात एकेक दाणा आवळायचा. इथे क्रोशाने शिकवलेला ताण कामी येतो: सैल राहिला तर दाणा गळतो, जास्त ओढला तर काटे झडतात. खसखशीचा बारीक हलवा नथीला आणि कानातल्यांना, साबुदाण्याचा टपोरा हाराला आणि बाजूबंदाला. जावयाला हार आणि नारळ दिला की झालं, त्याचं फारसं काम नसतं.

हल्ली पुठ्ठ्यावर गोंदाने दाणे चिकटवलेले दागिने सर्रास मिळतात. झटपट होतात, दिसतातही छान, आणि त्यावर कितीतरी बायकांचा संसार चालतो. तरी मला ते पटत नाहीत. बोरन्हाण आटोपल्यावर पोरांनी हाराचे दाणे तोडून खाल्ले नाहीत, तर तो हलवा कसला?

यंदा करून बघायचं असेल तर डिसेंबरातच खसखस आणून ठेवा. जानेवारी उजाडल्यावर परात चढवलीत तर हार काही होत नाही, फार तर कानातली होतात.